एकोणचाळीस की चाळीस?

जर्मनीतली बुद्धिबळाची क्लब-लीग म्हणजे रविवारची झोप मोडून मांडलेले आठ पट आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी घरून करून आणलेला केक. लढत समोरच्याशी असते असं आपल्याला वाटतं. छे! खरा वैरी स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद.

अनेक ठिकाणी वेळेचा हिशेब असा: पहिल्या 40 चालींना 90 मिनिटं, नंतर आणखी 30, शिवाय पहिल्यापासून दर चालीला 30 सेकंद. ही 30 सेकंदं फुकटची नाहीत. त्यांच्या मोबदल्यात शेवटपर्यंत प्रत्येक चाल लिहायची. आधी खेळायचं, त्याच हातानं घड्याळ दाबायचं, मग लिहायचं. आधी लिहून मग विचार करत बसायला मनाई. त्यामुळे घाईच्या वेळी पेन दातांत जातं.

त्यात सोंगट्यांसाठी लिहायच्या अक्षरांचा घोळ. घोड्याला आपण इंग्रजी सवयीनं एन लिहितो, समोरचा जर्मन ‘श्प्रिंगर’चा एस. आपला उंट तिथे धावपटू, ‘लॉयफर’, म्हणून एल; आणि वजीर चक्क बाईसाहेब, ‘डामं’, म्हणून डी. नियमानं आपण मराठीत ‘घ’ आणि ‘उ’ लिहिलं तरी चालावं, पण पंचांचा चेहरा बघवणार नाही.

घात होतो तो कागदावरच्या एका रिकाम्या घरानं. गडबडीत समोरच्याची चाल लिहायची राहते, आपली पुढची चाल भलत्याच ओळीत जाते आणि तिथून कागद एक चाल पुढे धावतो. कागदावर 40, पटावर 39. ‘सुटलो!’ म्हणून माणूस निवांत विचार करू लागतो. घड्याळही साळसूद: चालींची मोजणी लावलेली नसेल, तर शून्य होताच ते मुकाट्यानं पुढची 30 मिनिटं देऊन टाकतं. समोरच्याचा कागद बरोबर असतो. इतका वेळ तो छताकडे बघत असतो. आता तो अदबीनं पंचांना बोलावतो. दुसऱ्या पटावर सगळा डाव पुन्हा मांडून मोजतात. एकोणचाळीस. चाळीस पुऱ्या व्हायच्या आत वेळ संपली, म्हणून एक हत्ती जास्त असला तरी डाव गेला!

उपाय आहे. डाव सुरू होण्याआधीच चाळिसाव्या ओळीखाली जाड रेघ मारा, दर दहा चालींनी कागद तपासा, आणि शंका असेल तर एक्केचाळिसावी चालसुद्धा घड्याळ शून्यावर यायच्या आत खेळून टाका. मगच केक. तोवर चॉकलेटचा संपलेला असतो, सफरचंदाचा मिळतो.