टेक्निकलचा माणूस आणि बाथरूमचं दार

कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आमच्या बाथरूमचं दार फुगतं. दरवर्षीचं आहे हे. पंचगंगेची पातळी किती फूट झाली ते लोक मोबाईलवर बघतात, आम्ही दार ओढून बघतो. घरातली बाकीची दारं कधीच प्लायवूडची झाली पण हे एक वडिलांच्या वेळचं सागवानी राहिलंय, आणि जुलै आला की ते चौकटीत असं रुतून बसतं की आत जाणाऱ्याला गुडघा लावावा लागतो आणि बाहेर येणाऱ्याला खांदा. गेल्या पावसाळ्यात सासूबाई चार दिवस राहायला आल्या आणि त्यातला पाऊण तास त्यांनी बाथरूममध्ये काढला. बाहेरून आम्ही ढकलतोय, आतून त्या ओढतायत, मध्येच दोघंही दमलो म्हणून थांबलो तर आतून रामरक्षा ऐकू यायला लागली.

त्या बाहेर आल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही टेक्निकलचे ना?"

हे एक वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतोय. चूक मामांची आहे. स्थळं बघताना त्यांनी माझ्या माहितीत दहावीच्या पुढं कौतुकानं 'टेक्निकल साईड' असं लिहिलं होतं, म्हणजे मुलगा बँकेत क्लार्क आहे पण नुसता क्लार्क नाही, हाताला गुण आहे. तेव्हापासून मिक्सर, इस्त्री, कुकरचा दांडा, गळका नळ, शेजारच्या काकूंची शिलाई मशीन, जे बंद पडेल ते माझ्यासमोर आणून ठेवलं जातं. मी बोर्डाच्या परीक्षेत जिन्याचं वायरिंग बरोबर केलं होतं हे खरं आहे, खालच्या बटणानं लावायचा आणि वरच्या बटणानं घालवायचा दिवा. पण आमच्या घराला जिनाच नाही त्याला मी काय करणार.

तर म्हणलं ह्या वेळी आपणच दार रंधायचं. आणि जरा सल्ला घ्यावा म्हणून शाळेच्या ग्रुपवर दाराचा फोटो टाकला. ही पहिली चूक.

ग्रुप म्हणजे आमची 1986 ची दहावीची बॅच. फक्त मुलांची टेक्निकल शाळा, त्यामुळं ग्रुपवर एकही बाई नाही आणि त्यामुळं कुणाला भाषेचा धरबंध नाही. फोटो टाकल्यावर दहा मिनिटांत बावीस सल्ले आले. एक म्हणाला बिजागरीच्या मागं पुठ्ठ्याचं पॅकिंग दे. दुसरा म्हणाला मेणबत्ती घास. तिसरा म्हणाला खालून घास, चौथा म्हणाला खालून नको वरून घास, पाचव्यानं विचारलं दार कुणी बसवलंय, मी म्हणलं वडिलांनी, तर म्हणाला मग त्यांनाच विचार, आणि वडील जाऊन बारा वर्षं झाली हे ह्याच माणसाला माहीत आहे, तेव्हा खांदा द्यायला हाच होता. फक्त एकानं लिहिलं, "काही करू नको. पाऊस संपला की आपोआप बसतंय." हा आमच्यातला फिटिंगमध्ये सगळ्यात कमी मार्क पडलेला, आता साड्यांचं दुकान आहे, त्याचं कोण ऐकतंय.

मग कुणीतरी लिहिलं, "आठवतंय का रे सुतारकामाचं शॉप?" आणि दार बाजूला पडलं.

आता ज्यांनी टेक्निकल घेतलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडं आठवीला टेक्निकल घेतलं की संस्कृतला हात लावायला लागायचा नाही, एवढ्या एका कारणानं निम्मी पोरं आलेली. उरलेल्या निम्म्यांचे वडील उद्यमनगरात, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागात होते, कुणाची फाउंड्री, कुणाचं लेथचं शेड, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. बाकी विषय सगळ्यांसारखेच, वर आठवड्यातले काही तास वर्कशॉप, फिटिंग, सुतारकाम, भट्टी, पत्रेकाम, इलेक्ट्रिकल, आणि एक ड्रॉइंग. खाकी हाफ पँट, वर निळा एप्रन, सायकलच्या दांड्याला बांधलेला टी-स्क्वेअर, म्हणजे ड्रॉइंगची टी आकाराची लांब पट्टी. हा टी-स्क्वेअर घेऊन मुलींच्या शाळेवरून जाताना आपण इंजिनियर दिसतो अशी आमची समजूत होती. पुढं एका वर्गमित्राच्या बायकोनं, जी त्या शाळेतली होती, सांगितलं की त्यांना आम्ही क्रिकेटचे स्टंप नेणारी पोरं वाटायचो.

क्रिकेटवरनं आठवलं. आम्ही आठवीत गेलो जून 1983 ला आणि 25 जूनला कपिल देवनं लॉर्ड्सवर कप उचलला. झालं. सुतारकामाच्या सरांनी पहिला जॉब दिला नुसती फळी चारी बाजूंनी सपाट रंधायचा आणि अख्ख्या बॅचच्या डोक्यात एकच, बॅट. पाच जणांनी मिळून चोरून आंब्याच्या फळीची बॅट केलीसुद्धा. तीन आठवडे लागले. वजनाला अशी झाली की बॅट्समन क्रीजपर्यंत नेईपर्यंत दमायचा, आणि पहिल्याच बॉलला, तो पण अंडरआर्म, दांड्यापाशी उभी फाटली. सर हे सगळं खिडकीतून बघत होते. म्हणाले, "रेषा बघून लाकूड घेतलं असतं तर फुटली नसती." रागावले नाहीत, ह्याचं आम्हाला जास्त वाईट वाटलं.

पण खरी परीक्षा फिटिंगची. 6 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, हॅकसॉनं कापायची आणि कानशीनं घासून 50 बाय 50 चा चौकोन करायचा, कोपरे काटकोनात. एवढंच. सांगायला अर्धं वाक्य लागतं आणि करायला पहिली सहामाही. पहिल्या दिवशी सर मोठ्यानं म्हणाले, "स्टोअरमधून दहा इंची बास्टर्ड घेऊन ये," आणि सगळं शॉप गार. तो कानशीचा प्रकार आहे, त्याच्याहून बारीक सेकंड कट, त्याच्याहून बारीक स्मूथ, हे कळायला तास गेला, पण पुढं तीन वर्षं आम्ही एकमेकांना जे म्हणत होतो ते सिलॅबसमधलंच होतं, आणि तक्रार घेऊन आलेल्या इंग्रजीच्या बाईंना हेडसरांनी तसं सांगितलं पण. त्याच स्टोअरकीपरकडं नववीची पोरं आम्हाला 'गोल गुण्या' आणायला पाठवायची. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचा, तो गोल कसा असेल असं तेराव्या वर्षी सुचत नाही. स्टोअरकीपर पण तयारीचा, चष्म्यावरून बघून विचारायचा, "डावा का उजवा?" मी दोनदा जाऊन विचारून आलो.

तर घासणं. कानस दोन्ही हातांनी धरून सरळ रेषेत पुढं न्यायची, मागं येताना दाब सोडायचा. नवख्याची कानस झोक्यासारखी हलते, त्यामुळं दोन्ही कडा खाली जातात आणि मधे पोट राहतं. पोट काढायला गेलं की एक बाजू उतरते. ती सरळ करायला गेलं की काटकोन जातो. मग जॉब घेऊन सरांकडं. सर काही बोलायचे नाहीत, जॉब घ्यायचे, खिडकीपाशी जायचे, गुण्या लावायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे,

"उजेड दिसतोय."

की परत जागेवर. गुण्या आणि लोखंड ह्याच्या मधून केसाएवढी जरी उजेडाची रेघ दिसली तरी तो काटकोन नाही. आम्ही कानशीला खडू लावायचो, लोखंडाचे कण दातात अडकू नयेत म्हणून, आणि तो खडू वर्गातून ढापायचो, त्यामुळं भूगोलाच्या सरांना नकाशा कायम बोटाएवढ्या तुकड्यानं काढावा लागायचा. घासतोय, दाखवतोय, उजेड दिसतोय. घासतोय, दाखवतोय, उजेड दिसतोय. दिवाळीपर्यंत माझा काटकोन आला. खरंच आला, सर खिडकीपाशी चांगला अर्धा मिनिट उभे राहिले, मी श्वास धरून. मग त्यांनी व्हर्नियर लावला. माझा 50 बाय 50 चा चौकोन 43 बाय 41 झाला होता.

"अंडरसाईज," सर म्हणाले. "काढलेलं लोखंड आता तुझा बा चिकटवणार काय?" दहापैकी चार.

उद्यमनगरच्या पोरांनी ह्यावर सोपा उपाय काढला, वडिलांच्या शेडमधल्या शेपरवरून, म्हणजे लोखंड तासायच्या मशीनवरून, जॉब काढून आणायचा. काय तो जॉब! आरसा. सरांनी नुसता तिरका धरून बघितला आणि विचारलं, "शेपर बाबांचा का काकांचा?" कानशीचे ओरखडे आडवेतिडवे येतात, शेपरचं टूल एकसारख्या समांतर रेघा ओढत जातं, हे पोराला माहीत नव्हतं आणि त्याच्या वडिलांना माहीत होतं, तरी त्यांनी काढून दिला. मला वाटतं त्यांना बघायचं होतं, सर ओळखतात का.

दुसरा उपाय जुना जॉब विकत घेण्याचा. मागच्या बॅचचा पास झालेला जॉब दोन वडापावांना मिळायचा. पण सर मार्क दिले की लोखंडी पंचानं त्यावर रोल नंबर ठोकायचे, तो घालवायला लागायचा. मग सगळी सुट्टी बसून नंबर घासायचा, आणि अख्खा पृष्ठभाग एका पातळीत उतरवायला लागायचा कारण नुसता नंबराच्या जागी खड्डा दिसला तर संपलंच. आमच्यात ज्यांना खरं फायलिंग आलं ते सगळे नंबर घासता घासता आलं. असा एक जॉब तीन बॅच फिरला. तिसऱ्या वेळी सरांनी जाडी मोजली, 6 चा साडेचार राहिला होता. म्हणाले, "हा माझ्याकडं तिसऱ्यांदा आला. आता ह्यालाच सर्टिफिकेट देतो."

ड्रॉइंगचं फार सांगत नाही, त्यात मी बरा होतो. आमच्याकडं फर्स्ट अँगल, म्हणजे वस्तू समोरून दिसते ती वर आणि वरून दिसते ती खाली काढायची, आणि डावीकडून बघितलेलं उजवीकडं. वडिलांना हे कधीच पटलं नाही, ते म्हणायचे वरून दिसतंय तर वर काढ की. ड्रॉइंगचे सर दरवर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगायचे, मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली, मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं, व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवलं आणि पुढं 1910 ला किर्लोस्करवाडी उभी केली. गोष्ट ऐकून आमच्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी शीट अर्धवट आणली आणि सांगितलं, सर मला पण रंग दिसत नाहीत. सर म्हणाले, पेन्सिल काळीच असती.

हे सगळं ग्रुपवर रात्री दीडपर्यंत चाललं. शेवटी उद्यमनगरवाला म्हणाला, सकाळी इलेक्ट्रिक रंधा पाठवू का? आणि मी लिहिलं, नको, हातानं करणार. ही दुसरी चूक.

रविवारी दार उतरवलं. उतरवलं म्हणजे बिजागरीचे स्क्रू गंजून त्यांच्या खाचा गेल्या होत्या त्यात दुपार गेली, आणि दार इतकं जड की शेजारचे दोघं आणि मुलगा मिळून आम्ही ते हॉलमध्ये आणलं तेव्हा समोरच्या काकू घाबरून विचारायला आल्या. कोपऱ्यावरच्या सुताराचा रंधा आणला होता. पहिला हात उलट्या रेषेवर गेला आणि ढलपा निघाला, बॅट आठवली, दिशा बदलली. मग मात्र काय सांगू, पातळ लांब सुरळ्या पडायला लागल्या, तोच सागाचा वास, मी 55 वर्षांचा आहे हे विसरलो. दार बसवलं, घट्ट. परत उतरवलं, रंधलं, बसवलं, अजून घट्ट. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा दार बोटानं ढकललं तर अल्लद मिटलं, आवाजसुद्धा नाही. बायकोनं न सांगता कांदाभजी केली. सासूबाईंना फोन गेला. ऑगस्टभर मी घरात जरा वेगळ्याच चालीनं चालत होतो.

मग गणपती गेले, पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, आणि सागवान वाळायला लागलं. रोज थोडं थोडं. नवरात्रात फटीत पोस्टकार्ड जायला लागलं, दसऱ्याला करंगळी. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला लक्षात आलं की आतली कडी चौकटीपर्यंत पोचतच नाही. आता आमच्याकडं जो आत जातो तो गाणं म्हणतो. मुलगा म्हणत नाही, तो बादली वाजवतो.

ग्रुपवर पोरं विचारत होती, दाराचं काय झालं. लपवून काय करणार, बंद दाराचा फोटो काढून टाकला. साडीवाल्यानं नुसता हात जोडलेला इमोजी टाकला. बाकीच्यांनी काय लिहिलं ते इथं लिहिता येत नाही.

ग्रुपवर फिटिंगचे सर पण आहेत. ऐंशीच्या पुढं गेलेत, नातवानं ग्रुपमध्ये आणलंय, रोज सकाळी सहा वाजता गुलाबाचं फूल टाकतात, त्यापलीकडं आजवर एक अक्षर नाही. त्या रात्री त्यांच्या नावापुढं 'टायपिंग' दिसायला लागलं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. सगळा ग्रुप गप्प, नववीतल्या शॉपसारखा. मग मेसेज आला.

"उजेड दिसतोय."