जास्त उष्मांक म्हणजे जास्त तेल? मुळीच नाही

सध्या फिरणारा दावा थोडक्यात असा: ज्या कोळशाचा उष्मांक (जळताना मिळणारी उष्णता) जास्त, त्यातून कृत्रिम तेलही जास्त. म्हणून अँथ्रासाइट (सर्वात कठीण, बहुतांश कार्बनचा कोळसा) सर्वोत्तम, लिग्नाइट (कोवळा, तपकिरी कोळसा) टाकाऊ, जास्त राखेचा कोळसा तर बादच. आणि एक टन कोळशातून जवळजवळ एक टन तेल मिळतं.

खरी गफलत उष्मांकापाशीच आहे. भट्टीत कार्बनवर भागतं. तेलाला हायड्रोजन लागतो. खनिज तेलात कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे पावणेदोनच्या आसपास अणू असतात. बिटुमिनस, म्हणजे मधल्या प्रतीच्या दगडी कोळशात ते साधारण ०.७ ते ०.९ भरतात, अँथ्रासाइटमध्ये बहुधा ०.५ हूनही कमी. शिवाय अँथ्रासाइटची रचना इतकी घट्ट की थेट द्रवीकरणात, म्हणजे कोळशाचं सरळ तेल करताना, ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखालीही ती फारशी तुटत नाही. दोन कोळशांचा उष्मांक सारखा असला तरी एकात व्हिट्रिनाइट हा सहज विरघळणारा घटक जास्त असेल तर तो विरघळतो; दुसऱ्यात इनर्टिनाइट हा न विरघळणारा घटक जास्त असेल तर बराचसा गाळ म्हणून उरतो. उष्मांकाच्या आकड्यात हा फरक दिसत नाही.

लिग्नाइट टाकाऊ? जर्मनीत लॉयना इथे १९२७ पासून तपकिरी कोळशापासूनच पेट्रोल बनत होतं. लिग्नाइटमधला ऑक्सिजन महागडा हायड्रोजन खातो आणि पाणी होऊन निघून जातो, ही अडचण मात्र खरी.

राखेचा मुद्दा अर्धाच खरा आहे. थेट द्रवीकरणात दहा टक्क्यांवर राख गेली की गाळ वेगळा काढणं जिकिरीचं होतं. पण आधी वायूकरण करून, म्हणजे कोळशाचा वायू करून, मग फिशर-ट्रॉप्श पद्धतीने त्या वायूपासून तेल बनवायचं असेल तर हिशेबच बदलतो. दक्षिण आफ्रिकेची सासोल कंपनी १९५५ पासून भरपूर राखेच्या, हलक्या प्रतीच्या कोळशावर हेच करत आली. तिथे वेगळेच प्रश्न विचारावे लागतात: राख किती तापमानाला वितळते? कोळसा तापल्यावर चिकटून गोळा तर होत नाही ना? कोरडी राख काढणाऱ्या संयंत्रात राख वितळली की जाळीच तुंबते.

टनाला टन हे तर स्वप्नरंजनच. थेट पद्धतीतही प्रक्रियेची ऊर्जा आणि हायड्रोजन धरून एका टन तेलामागे तीन-चार टन कोळसा जातो. बराचसा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून बाहेर पडतो.

म्हणून थेट द्रवीकरणासाठी कोळसा निवडताना छोट्या दाबपात्रात चाचणी घेतात, तीही ताज्या नमुन्यावर. उघड्यावर पडलेल्या कोळशाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तेलाचा उतारा घटतो.