उरलं की नक्की देऊ

घराचं काम काढायचं ठरलं ना? उत्तम. मग त्याच आठवड्यात दानधर्म करायचंही ठरवून टाका. भिंती फुटायच्या बेतात असताना घेतलेला दानाचा निर्णय हा जगातला सर्वांत स्वस्त निर्णय असतो. त्याला लगेच पैसे लागत नाहीत आणि घरातलं कोणी आडवं येत नाही. टाइल्सच्या रंगावरून ज्या घरात तीन दिवस अबोला चालतो, त्याच घरात ‘काम आटोपलं की उरलेल्या पैशांतून एखाद्या चांगल्या संस्थेला देऊ’ हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. अनुभवाने सांगतो. आमच्या घराच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला तो एकमेव ठराव.

त्यातला ‘उरलेल्या’ हा शब्द तेवढा जपा. पुढे तोच कामाला येणार आहे.

आता अंदाजपत्रक. वही घ्या, नाहीतर एक्सेल उघडा. एक्सेलमध्ये आकडे खोटे असले तरी सरळ रेषेत उभे राहतात. जाणती माणसं सांगतात की एकूण खर्चाच्या 10 ते 20 टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी वेगळी काढा. त्यांचं ऐकू नका. ‘अनपेक्षित खर्च’ अशा नावाने पैसे ठेवले की ते मोडताना आपण हरल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा तेवढीच रक्कम ‘दान’ या रकान्यात लिहा. पुढे ती गटाराच्या पाइपात गेली, तरी मूळ हेतू चांगला होता हे समाधान कुठे जात नाही. शिवाय पाहुण्यांना वही दाखवता येते.

अमेरिकेत 2002 साली स्वयंपाकघर नव्याने करून घेतलेल्या लोकांची एक पाहणी झाली होती. त्यांचा सरासरी अंदाज होता 18,658 डॉलरचा आणि प्रत्यक्षात सरासरी गेले 38,769 डॉलर. नोबेल मिळवलेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन हा दाखला देत असत. त्यांनी आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच माणसाच्या या खोडीला नाव देऊन ठेवलं होतं : नियोजनाचा भ्रम. सगळं सुरळीत पार पडेल असं धरून आपण हिशेब करतो आणि आपल्यासारख्याच शंभर जणांचं काय झालं ते विचारायला जात नाही. पण तुम्ही कशाला विचारायचं? ते सरासरी लोक. तुमचा मिस्त्री ओळखीतला आहे.

या ओळखीतल्या मिस्त्रीचं एक रूप डोळ्यांपुढे आणा. काम सुरू होऊन चार दिवस झालेत. तो न्हाणीघराच्या भिंतीपाशी उभा राहतो आणि बोटाच्या पेराने टकटक करतो. कान लावतो. वीतभर सरकतो, पुन्हा टकटक. तुम्ही सगळे मागे उभे, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकांसारखे. शेवटी तुमच्याकडे न बघता, भिंतीकडेच बघत तो म्हणतो, ‘पोकळ वाजतंय.’ बस, एवढंच. त्याने काहीही मागितलेलं नाही, हे लक्षात ठेवा. तुम्हीच म्हणता, ‘मग बघा ना उघडून.’ छिन्नी आत जाते, प्लास्टरचा ढलपा पायापाशी पडतो आणि आत दिसतो तो पाइप : नखाने खरवडला तरी पापुद्रे निघतील इतका गंजलेला. इतकी वर्षं आपण याच पाण्याने तोंड धुतलं, या विचाराने घर हेलावतं, आणि कोणीतरी तो मंत्र म्हणतं :

‘आता उघडलंच आहे तर...’

आता उघडलंच आहे तर सगळेच पाइप बदलू. पाइप बदलतोय तर वायरिंगही करून घेऊ. वायरिंग करतोय तर बोर्ड जरा इकडे सरकवू. बोर्ड सरकतोय तर कपाट तिकडे, कपाट तिकडे गेलं तर खिडकी मोठी, आणि खिडकी मोठी झाल्यावर हे पडदे कोण लावणार? यातली पहिली दोन वाक्यं अगदी खरी आहेत. पाइप आणि वायरिंग प्लास्टरच्या आधीच व्हायला हवं, नाहीतर पुढे पुन्हा फोडाफोड. गोम इतकीच की त्या दोन खऱ्या वाक्यांच्या मागे लपून बाकीची सगळी बिनतिकीट आत शिरतात.

या रोगाला थोर परंपरा आहे. अठराव्या शतकात देनी दिदरो या फ्रेंच लेखकाला एक उंची झगा भेट मिळाला. तो अंगावर चढवला आणि त्याला आपली जुनी खुर्ची खटकू लागली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. एकेक बदलत गेला आणि शेवटी जुन्या झग्याच्या आठवणीने गळा काढत निबंध लिहायला बसला. 1988 मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने या प्रकाराला दिदरोचंच नाव दिलं. पाहून पाय पसरायला अंथरूण ठीक असतं. पण नवं अंथरूण आणलं की पलंग आखूड वाटतो, आणि पलंग बदलला की खोली. दिदरोचं सगळं एका झग्याने झालं. तुमच्यापाशी तर फिटिंग्जचा कॅटलॉग आहे, गुळगुळीत कागदाचा.

कॅटलॉग उघडल्यावर पैशाचा आकार बदलतो, हेही शिकून घ्या. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी 1981 मध्ये लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. 15 डॉलरचा कॅल्क्युलेटर दुसऱ्या दुकानात 5 डॉलरने स्वस्त आहे. वीस मिनिटं गाडी चालवत जाल का? बहुतेक जण म्हणाले, जाऊ. तेच 5 डॉलर 125 डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर वाचणार असतील तर? बहुतेक जण म्हणाले, कोण जातंय. पाच डॉलर तेच, वीस मिनिटं तीच. पण शेजारी मोठा आकडा उभा असला की छोटा आकडा दिसेनासा होतो.

घराच्या कामात प्रत्येक गोष्ट ही 125 डॉलरच्या कॅल्क्युलेटरची गोष्ट असते. एवढा खर्च झालाच आहे, त्यात आणखी हा नळ. एवढ्या-तेवढ्याने काय होतंय! मी स्वतः एका नळासमोर, फक्त एका नळासमोर, अर्धा तास उभा होतो. साधा नळ फिरवायचा होता, हा उचलायचा होता. फिरवणं की उचलणं, या फरकासाठी मी जी रक्कम मोजली तेवढीच रक्कम त्याच आठवड्यात एका संस्थेच्या फॉर्मवर लिहिताना माझा हात थबकला. ‘एकदम एवढे?’ असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. मग एक शून्य खोडलं. दान नेहमी 15 डॉलरच्या कॅल्क्युलेटरच्या रांगेत उभं असतं. त्याच्या शेजारी मोठा आकडा कधीच नसतो, म्हणून ते बिचारं आपल्या मूळ आकाराएवढं दिसतं.

पैसे कमी पडले तर क्रेडिट कार्ड आहेच. त्यावर महिना 3 टक्के व्याज लागत असेल आणि तुम्ही काही फेडलं नाही, तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. निदान घरात काहीतरी वाढतंय.

आता व्यवहाराची शिस्त. ठेकेदाराला पैसे द्यायचे आणि संस्थेला पैसे द्यायचे, या दोन कलांचे नियम पूर्ण वेगळे आहेत. गल्लत करू नका. ठेकेदाराला भरपूर आगाऊ द्या. टप्प्याटप्प्याने द्यावेत, आधी वॉटरप्रूफिंग झालेल्या फरशीवर पाणी तुंबवून एक-दोन दिवस गळती तपासावी, शेवटचे 5-10 टक्के सगळं नीट चालतंय हे बघून मगच सोडावेत, असं काही रुक्ष लोक सुचवतात. असं वागलं तर त्याला काय वाटेल? त्याच्या बिलात शेवटी ‘किरकोळ’ अशी ओळ असते आणि तिच्यासमोरचा आकडा बिलातल्या तिसऱ्या क्रमांकाचा असतो. विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. तो मायेने हसला, म्हणाला, ‘किरकोळ म्हणजे किरकोळ.’ मी ओशाळून सही केली.

संस्थेच्या बाबतीत मात्र डोळ्यात तेल घाला. तिचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल मागवा. कार्यालयाचं भाडं का लागतं, हिशेबनीसाला पगार कशाला, झाडाखाली बसून काम होत नाही का, हे खडसावून विचारा. ‘माझा पैसा थेट गरजूपर्यंतच पोचला पाहिजे’ हे वाक्य पाठ करून ठेवा. त्याला कोणाकडे उत्तर नसतं, कारण थेट पोचायलाही कोणीतरी चालत जावं लागतं आणि चालणाऱ्याला चपला लागतात. त्या चपला म्हणजेच प्रशासकीय खर्च. हा खर्च दिसला की मान हलवा आणि ‘जरा विचार करून कळवतो’ म्हणा. विचार करण्यासाठी लागणारा सोफा त्याच दिवशी घरी येणार असेल तर उत्तमच.

तरीही टोचणी लागली, तर सगळ्यात सोयीचा मार्ग वस्तुदान. तुमच्याकडे या घडीला काय नाही? दार न लागणारं कपाट, एका कडेला टवका गेलेलं बेसिन, तीन पायांवर उभी राहू शकणारी चार पायांची खुर्ची. राडारोडा उचलणारा यांचे पैसे मागतो. संस्थेची गाडी फुकट येते, वर आभार मानते. लोक हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात. तुम्ही स्वतःच्याच घरचा कचरा ठेवताय, म्हणजे तुम्ही त्यांच्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या. सगळ्यात वर काय, तर समोरच्याला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन असं उभं करायचं की त्याला पुन्हा मागावंच लागू नये. सगळ्यात खाली, आठवी पायरी : मनाविरुद्ध, कुरकुरत दिलेलं दान. माणूस विचारी होता, पण त्याने घराचं काम काढलेलं नसावं. नाहीतर नववी पायरी त्याच्या नजरेतून सुटली नसती. नवव्या पायरीवर दाता कुरकुरत नाही, उलट अतिशय प्रसन्न असतो, कारण खोली रिकामी होणार असते.

आमच्याकडून असाच एक पंखा गेला. आधी संस्थेतून फोन आला. बाईंचा आवाज शांत होता.

‘पंखा चालू आहे ना?’

‘तसा चालू आहे.’

‘म्हणजे फिरतो?’

‘हाताने जरा सुरुवात करून दिली की फिरतो.’

पलीकडे दोन क्षण काही नाही. मग त्या म्हणाल्या, ‘बरं. ठेवा बाजूला, येतो न्यायला.’ धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे त्यांना ठाऊक होतं. ही गाय दात घरी ठेवून आली होती, तो भाग वेगळा.

तर असं करत करत काम संपतं. वहीचं शेवटचं पान उघडा. ‘दान’ हा रकाना अजून तिथेच असेल, फक्त त्यातली रक्कम तिरक्या रेषेने खोडून वर बारीक अक्षरात ‘पाइप’ लिहिलेलं असेल. शेजारी ‘पुढच्या वर्षी’ असं लिहा आणि नव्या सोफ्यावर टेका.

मी टेकलो होतो तेव्हा टपाल आलं. त्याच संस्थेचा वार्षिक अहवाल, सोबत आभाराचं पत्र. पंखा आता त्यांच्या अभ्यासिकेत बसवलाय, कपॅसिटर आणि बेअरिंग बदलून घेतलं, मुलं आपली आठवण काढतात, वगैरे. बरं वाटलं. घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मग सवयीने अहवालाची पानं उलटत खर्चाच्या तक्त्यावर आलो. ‘दुरुस्ती व देखभाल’ ही ओळ गेल्या वर्षीपेक्षा चांगलीच फुगली होती.

‘बघ,’ मी बायकोला म्हणालो, ‘म्हणून मी यांना रोख पैसे देत नाही.’