पाळण्यात न बसणाऱ्याचं तिकीट

आज ऑफिसात डबा खाताना एक जण मला अगदी सहज म्हणाला, "परवडत नाही तर जायचं कशाला अशा ठिकाणी?" मी रविवारच्या सहलीचं सांगत होते. तोंडात घास होता म्हणून गप्प बसले. पण संध्याकाळपर्यंत डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहायला बसलेय. लांबणार आहे. ज्यांना रील बघायचेत त्यांनी पुढे सरकावं.

पहिली गोष्ट, परवडत नाही असं मी म्हटलंच नव्हतं. हिशोब पटला नाही, असं म्हटलं होतं. ज्यांच्या घरी अजून महिन्याची वही लिहिली जाते त्यांना यातला फरक सांगायला नको. माझ्या यादीतले बहुतेक सगळे वहीवालेच आहात.

तर मुलांचं कधीपासून चाललं होतं, थीम पार्क, थीम पार्क. वर्गातली निम्मी पोरं जाऊन आलेली. ओंकार पाचवीत, सई पहिलीत. ह्यांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, मुलांच्या शाळेला रविवारी. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. अख्खं घर एका दिवशी मोकळं असलं तर ते गणपती-दिवाळीलाच. म्हणून ह्यांनी एक रजा टाकली आणि रविवार ठरवला. रविवारचा दर अर्थातच जास्त.

मोठ्यांना ११९९, लहानांना ८९९, ज्येष्ठ नागरिकांनाही ८९९. हे सगळं गोड गोड दाखवून झालं की शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी. (जानेवारी २०१८ पर्यंत तो २८ टक्के होता म्हणे. म्हणजे आपण स्वस्ताईत राहतोय.) आणि 'लहान' कोण, तर ते वयावर नाही. साडेचार फुटांच्या वर गेलेला प्रत्येक जण मोठा. ओंकार दहा वर्षांचा, पण बापावर गेलाय. घरी दाराला उभा करून टेप लावली तर हा पठ्ठ्या छाती काढून, मान ताणून उभा! चार फूट सात. एसटी त्याला अजून अर्ध्या तिकिटात नेते, रेल्वेतही बारा वर्षांपर्यंत सवलत आहे. इथे फुल. पोराची उंची वाढली म्हणून आईला वाईट वाटावं, ही वेळ यांनी आणली.

मी, हे आणि ओंकार मोठ्यांत, सई लहानांत, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्येष्ठांत. सगळे मिळून ६,३६६ रुपये. अजून घराला कुलूप लावलेलं नाही, बरं का.

आता आईंचं सांगते, कारण माझं डोकं फिरलंय ते तिथेच.

आई एकाहत्तर वर्षांच्या. गुडघ्यांना वात, वर बीपीची गोळी. त्या आधीच म्हणाल्या होत्या, "मी कशाला गं तिथे, मी राहते घरी." पण रविवारभर त्यांना एकटीला घरी ठेवून आम्ही चौघांनी मजा करायला जायचं, हे आमच्याकडे होत नाही. तुमच्याकडेही होत नसणार. म्हणून मी पार्कच्या नंबरवर फोन केला. म्हटलं, आजी कुठल्याही पाळण्यात बसणार नाहीत, नुसत्या आत बसून राहतील, त्यांच्यासाठी काही वेगळं तिकीट आहे का? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, एंट्री चार्जेबल आहे, राइड्स ऑप्शनल आहेत."

ऑप्शनल! आत गेल्यावर प्रत्येक मोठ्या राइडपाशी बोर्ड लावलेला. रक्तदाब, हृदयविकार, पाठदुखी, सांधेदुखी, गरोदर स्त्रिया यांनी बसू नये. म्हणजे आईंनी हट्ट धरला असता, तरी यांनी बसू दिलं नसतं. ज्या गोष्टीला यांच्याच बोर्डाने आईंना मनाई केली, तिचे यांनी त्यांच्याकडून करासकट १,०६१ रुपये घेतले. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हीही वाचा.

आणि जाताना काय झालं होतं माहितीये? आम्ही एसटीने गेलो. आईंना अर्धं तिकीट, पासष्टच्या पुढच्यांचं. मला अर्धं, २०२३ पासून बायकांना मिळतं ते. दोन्ही पोरांना अर्धं. अख्ख्या कुटुंबात फुल तिकीट एकट्या ह्यांचं, त्यावरून पोरांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. एसटीला आपण उठसूट नावं ठेवतो. गाडी उशिरा आली, खिडकीची काच बंद होत नव्हती, सगळं खरं. पण तिने आमच्या घरातली माणसं ओळखली. म्हातारं कोण, लहान कोण, तिला बरोबर कळलं.

स्टँडवरून वडाप, म्हणजे शेअर रिक्षाने गेटवर पोचलो आणि तिथे एक दृश्य. साडेदहा वाजलेले. कंपाउंडच्या भिंतीला लागून ओळीने कुटुंबं बसलेली आणि सगळी जेवतायत! साडेदहाला! कुणाच्या पुऱ्या, कुणाचा पुलाव, कुणाच्या दशम्या. आया पोरांच्या मागे लागलेल्या, "खा पटापट, आत नेऊ देत नाहीत." आम्हीही बसलो. पहाटे उठून केलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी भूक नसताना कोंबली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बारशाला-मुंजीला चारचौघांत जेवणारी माणसं आपण, आणि तिथे आपल्याच डब्याची चोरी केल्यासारखे बसलो होतो.

बाहेरच्या खाण्याने कचरा होतो, मुंग्या होतात, हे मान्य. सिनेमावाल्यांना सुप्रीम कोर्टानेही २०२३ मध्ये बाहेरचं खाणं अडवायची मुभा दिली, तेही ठाऊक आहे. पण त्याच निकालात प्यायचं चांगलं पाणी फुकट द्या असंही सांगितलंय, हे पुढचं कुणी सांगत नाही. थीम पार्क म्हणजे थिएटर नव्हे, पण गिरवला तो कित्ता तरी पूर्ण गिरवा. आमच्या पार्कात पाण्याचे नळ शोधत शोधत स्वच्छतागृहापलीकडे जावं लागलं. बाटली मात्र दर पन्नास पावलांवर. आत एक वडापाव नव्वद रुपये, आणि तो गारही होता. नव्वद रुपयांत गार वडापाव! असो.

बॅगा तपासायला एक पोरगी होती, वीस-बावीसची. टोपी नाही, सावली नाही, ऊन डोक्यावर. तिने आमच्या पिशवीतून चिवड्याचं पाकीट काढून घेतलं, "जाताना काउंटरवरून घ्या काकू" म्हणाली. मग आईंच्या बटव्यात हात घातला. आईंच्या बटव्यात वर गोळ्यांची पाकिटं, बाम, जपमाळ, आणि खाली रुमालात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू. मला माहीतच नव्हतं! पोरीचा हात रुमालापर्यंत गेला, थांबला. तिने आईंकडे बघितलं, चेन लावली आणि म्हणाली, "औषधं आहेत ना आजी? जा." तिच्यावर माझा काडीचा राग नाही, हे आधीच सांगते. कंत्राटावरचं लेकरू ते, तिला तरी आत कुठे पाळण्यात बसायला मिळतंय.

आत काय होतं ते थोडक्यात. मुलं खूश, हे खरं आहे. सई घोड्यांच्या चक्रावरून उतरायला तयार नव्हती. ओंकारला उंचीमुळे सगळ्यात मोठ्या राइडमध्ये घेतलं, वर्गातल्या पोराला नाकारलं होतं म्हणे, तेव्हा याची मान ताठ. फुल तिकीट तिथे वसूल झालं असं हे म्हणाले. मीही एकदा बसले, किंचाळले, आणि उतरल्यावर पुन्हा बसावंसं वाटलं. सगळं नीट, पट्टे दोन-दोनदा ओढून बघत होते. त्याला पैसा लागतो, वीज लागते, माणसं लागतात. मान्य करते आणि पुढे जाते.

लॉकर दोनशे रुपये, वर डिपॉझिट वेगळं. आई म्हणाल्या, "द्या इकडे सगळं, मी बसते." मोठ्या राइडच्या समोर झाडाखाली एक लांब बाक होता. तिथे आईंना बसवून आम्ही गेलो. परत येऊन बघते तर बाकावर आज्यांची रांग! प्रत्येकीच्या मांडीवर पर्स, पायाशी पिशव्या, पोरांच्या चपला, कुणाचा चष्मा, कुणाचा मोबाइल. एक नाशिकच्या, एक इचलकरंजीच्या, एक थेट नांदेडहून लेकीकडे आलेल्या. ओळखी झालेल्या, सुनांची उणीदुणी काढून झालेली (माझीही असणार, मी विचारलं नाही). आणि हळूच रुमाल सुटत होते. नाशिकच्या आजींनी साडीच्या घडीत राजगिऱ्याच्या वड्या आणलेल्या. इचलकरंजीच्या आजींकडे भडंग, पावडरच्या रिकाम्या डब्यात! आमचे लाडू त्यात पडले. नव्वद रुपयांच्या वडापावाच्या दुकानासमोर बसून या सगळ्या जणी मजेत खात होत्या.

दुपारनंतर तर अनोळखी पोरं-पोरी येऊन विचारायला लागली, "आजी, जरा बॅग ठेवू का इथे?" आई कुणाला नाही म्हणतात? संध्याकाळपर्यंत त्यांच्यापाशी बॅगांचा ढीग. हसू येत होतं, खरंच. मग बसल्या बसल्या हिशोब केला आणि हसू गेलं. या बायका दिवसभर तिथे काम करत होत्या. सई मोठ्या राइडसाठी बुटकी, ती आईंपाशी थांबली म्हणून आम्ही दोघं ओंकारबरोबर जाऊ शकलो. म्हणजे आमची दोन मोठी तिकिटं वापरली गेली ती आईंच्या जिवावर. त्या नसत्या तर आमच्यातलं एक जण कायम खाली उभं. किंबहुना आम्ही गेलोच नसतो. ज्या माणसामुळे पाच जणांचं गिऱ्हाईक तुमच्या दारात आलं, त्या माणसाला बाकावर बसायचे हजार रुपये? पगार द्या उलट!

मी कराडकडची. लहानपणी पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेला जायचो. देवाचं लग्न, भंडारा, नदीच्या वाळवंटात पाळणे. माझी आजी पाळण्याखाली आमच्या चपला घेऊन उभी राहायची, पदराला भंडारा लागलेला, आणि वर बघून ओरडायची, "धर गं घट्ट!" पाळणेवाला बसणाऱ्याचे पैसे घ्यायचा. बघणाऱ्याचे मागायचं त्याच्या डोक्यातही आलं नसेल. तो पाळणा कुरकुरायचा, त्याची कुणी तपासणी करत नसेल, तो जमाना परत आणा असं मी म्हणत नाहीये. पण बघणारं माणूस हे गिऱ्हाईक नसतं, ते बसणाऱ्याचंच असतं, एवढं त्या अंगठाबहाद्दर माणसाला कळत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाळण्यात न बसणाऱ्यांना साधं, नाममात्र तिकीट ठेवा. हातावर वेगळ्या रंगाचा पट्टा बांधा, म्हणजे कुणी फसवून बसणार नाही. नाही तर त्यांच्या तिकिटाचे पैसे आतल्या खाण्यात वळते करा. लोक गैरफायदा घेतील म्हणाल, तर घेतील थोडे. आम्ही उंची लपवत नाही, तुम्ही म्हातारपण मोजू नका.

आणि "परवडत नाही तर जायचं कशाला" म्हणणाऱ्यांना. बाबा रे, आम्ही गेलो, पैसे मोजले, पोरांना हवं ते दिलं. पैसे देणाऱ्याने बोलायचं नाही असं कुठे लिहिलंय? उलट आमच्यासारखी वडाप रिक्षाने येणारी माणसंच तिथे रविवारी गर्दी करतात. गाडी पार्क करून, आत जेवून, लॉकर घेऊन जाणारी मूठभर. आम्ही सगळ्यांनी एक महिना जायचं नाही ठरवलं ना, तर ते घोड्यांचं चक्र रिकामंच गोल फिरेल.

बरं, राग थोडा उतरला. ह्यांनी चहा आणून ठेवलाय, ते म्हणतायत पोस्ट नको टाकूस, ऑफिसातले वाचतील. वाचू देत.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना गुरुवारी कुठे तरी न्यायचंय, ह्यांची रजा वाचेल असं. पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी ही छोटी आगगाडी आहे, १९५६ पासूनची, ह्यांचे बाबा लहानपणी तिच्यात बसलेले. तिथे आईंनाही डब्यात बसता येईल, गुडघे आड येणार नाहीत. कात्रजचं प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं, म्हणजे आमच्या गुरुवारला चालेल, पण चालणं फार. चिंचवडहून जाता येईल असं आणखी काही माहीत असेल तर सांगा. अट एकच, बसायला बाक हवा आणि बाकाचे पैसे नकोत.

(नंतर वाढवलंय: इतक्या जणींनी आईंच्या लाडवाची कृती विचारलीय की इथेच लिहिते. शेंगदाणे खरपूस भाजून, सालं काढून, जाडसर कूट. कुटाच्या निम्म्याहून थोडा जास्त चिकीचा नव्हे, साधा गूळ. हाताला तूप लावून वळायचे, लिंबाएवढेच, म्हणजे रुमालात फुगवटा दिसत नाही. आई म्हणाल्या वेलची घालू नका. वास येतो, गेटवर कळतं.)