बावीस सेकंद

महाविद्यालयाचे जिने झाडणाऱ्या मामांवर आम्ही वर्गप्रकल्प म्हणून चार मिनिटांचा माहितीपट केला आणि त्यातल्या बावीस सेकंदांनी माझा अख्खा आठवडा खाल्ला. जिना नेहमी वरून खाली झाडावा, नाहीतर आपलाच कचरा आपल्या डोक्यावर येतो, हे आमच्या चित्रफितीतले एकमेव शहाणपणाचे वाक्य मामा बोलत असताना खिडकीतला त्यांचा रेडिओ वाजत होता, आणि त्यांचा आवाज व ते गाणे एकाच माइकमध्ये असे कालवले गेले होते, की एकाला बाहेर काढले असते तर दुसराही उठून गेला असता.

‘तीस सेकंदांच्या आत असेल तर चालते’, असे वर्गातल्या प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितले. असा सरसकट नियम कॉपीराइटच्या कायद्यात नाही. ‘श्रेयनामावलीत गायकाचे नाव टाक’, हा दुसरा सल्ला म्हणजे शेजाऱ्याची सायकल न विचारता न्यावी आणि तिच्यावर प्रामाणिकपणे त्याचे नाव लिहावे, त्यातला प्रकार.

शेवटी परवानगीसाठी मी गाण्यांच्या हक्कांच्या कार्यालयात फोन केला. त्या नावाची तीन गाणी त्यांच्या यादीत निघाली, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी मला मुखडा म्हणून दाखवायला सांगितले. माझी एकच ओळ ऐकून ते घाईने म्हणाले, “राहू द्या, मीच म्हणतो.” पहिली दोन गाणी माझी नव्हती. तिसरे मात्र त्यांनी इतके रंगून गायले, की “हेच, हेच!” असे मी दोनदा ओरडलो तरी ते अंतरा संपवूनच थांबले, आणि मग एकदम आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “तुम्ही हा फोन रेकॉर्ड करत नाही ना?”

त्यानंतर कळले, की त्यांच्याकडे केवळ ध्वनिमुद्रणाचे हक्क आहेत. शब्दांची आणि चालीची परवानगी निराळी.

“पण गीतकार तर वारले,” मी म्हणालो.

“ते वारले, हक्क वारलेले नाहीत. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे, मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षे. पुष्कळ देशांत सत्तर. आता अर्ज भरू या. प्रदेश?”

“वर्गखोली. तेवीस विद्यार्थी आणि एक परीक्षक.”

“इंटरनेटवर टाकणार?”

“कदाचित.”

“मग ‘संपूर्ण विश्व’ लिहा.”

मी लिहिले. गीतकाराच्या वारसांना त्यांचे पैसे मिळावेत, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु साबणाच्या जाहिरातीला आणि जिना झाडणाऱ्या मामांना एकच अर्ज, एकच विश्व, हे काही मला पटलेले नाही. ‘देत नाही’ असे कोणी स्पष्ट कळवले असते, तर मी निमूटपणे दुसरा मार्ग धरला असता. आलेला एकमेव ईमेल अर्ज पोहोचल्याचा होता, आणि त्यालाही उत्तर देऊ नये, अशी तळाशी सूचना होती.

प्रकल्प देण्याची तारीख आली तेव्हा त्या बावीस सेकंदांचा आवाज मी बंद केला आणि मामांचे वाक्य खाली अक्षरांत दिले. मामांनी चित्रफीत लक्षपूर्वक पाहिली. ओठ हलताहेत, झाडू हलतोय, आवाज नाही.

“रेडिओ चालू होता ना रे त्या दिवशी?” त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात नवे सेल घातले.