सुरमई ओरपणाऱ्याचं उत्तर

सह्याद्रीपुत्र यांस,

नमस्कार. नागालँडमधल्या ओटिंग गावचे मजूर २०२१ मध्ये सैन्याच्या गोळीबारात मारले गेले, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रविवारी रात्री पावणेबाराला टाकलेली प्रतिक्रिया सकाळी चहाबरोबर वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण त्यातलं एक वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश: लेख एकतर्फी आहे, ओटिंग ज्यात येतं तो मोन जिल्हा कुठे आहे हेही लेखकाला ठाऊक नाही, त्या रात्री एक जवानही गेला, त्याचा उल्लेख नाही, सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा नसता तर ईशान्य भारत कधीच हातचा गेला असता, मिझोराम शांत झालं ते सैन्याने बंडखोरांचं कंबरडं मोडलं म्हणून, तुमचा भाऊ तिकडे नोकरीला आहे, त्यामुळे तुम्हाला सगळं माहीत आहे. आणि शेवटी हे: "कोकणात समुद्राची हवा खात, सुरमई ओरपत बसून जवानांना अक्कल शिकवणं सोपं असतं."

आधी चूक कबूल करतो. मोन जिल्हा मणिपूरला लागून नाही. एकीकडे आसाम, वर अरुणाचल, पूर्वेला म्यानमार. मी "मणिपूरच्या हद्दीकडचा" असं लिहिलं होतं, ते साफ चुकलं. दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली तर मी ती मान्य करतो, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता सुरमई.

तुमची प्रतिक्रिया आली जुलैत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रात यांत्रिक होड्या जात नाहीत, बंदी असते. हर्णै बंदरात होड्या वर ओढून, ताडपत्र्या घालून ठेवल्यात. एरवी संध्याकाळी लिलावाला जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे सध्या कुत्री झोपतात. त्या रात्री माझ्या ताटात पेज होती आणि सुक्या जवळ्याची चटणी. बंदी उठल्यावरसुद्धा मोठी सुरमई बर्फात बसून मुंबईला जाते, आम्ही बांगड्यावर खूश असतो. आणि जाता जाता सांगतो, सुरमई ओरपत नाहीत. ओरपतात ते कालवण. समुद्राच्या हवेचं म्हणाल तर ती खाऊन माझ्या खिडक्यांचे गज गंजले आहेत, हवी तेवढी घेऊन जा.

असो. थट्टा बाजूला ठेवतो, कारण मला लागलं ते पुढचं. "जवानांना अक्कल शिकवणं." माझ्या लेखात जवानाला अक्कल शिकवणारं एक वाक्य काढून दाखवा. मी लिहिलं होतं ते एवढंच: ४ डिसेंबर २०२१, शनिवार. तिरूच्या कोळशाच्या खाणीतून आठवड्याची मजुरी घेऊन आठ जण पिकअपमधून ओटिंगला घरी निघाले होते. अतिरेकी येणार अशी खबर होती म्हणून सैन्याच्या २१ पॅरा या कमांडो पलटणीची तुकडी वाटेत दबा धरून होती. गाडीवर गोळीबार झाला, सहा जण गेले, दोघे वाचले. मुलं घरी आली नाहीत म्हणून गावकरी शोधायला निघाले, त्यांना सैन्याच्या गाडीत मृतदेह सापडले, धुमश्चक्री झाली, आणखी सात गेले. दुसऱ्या दिवशी मोन गावात जमाव आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या तळावर चालून गेला, तिथे एक. चौदा झाले. ६ डिसेंबरला गृहमंत्र्यांनी लोकसभेत खेद व्यक्त केला आणि गाडीला थांबायची खूण केली होती, ती थांबली नाही, असं सांगितलं. वाचलेल्याने सांगितलं की खूण वगैरे काही झालीच नाही. नागालँड पोलिसांनी २०२२ मध्ये तीस जणांवर आरोपपत्र ठेवलं. २०२३ मध्ये केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली आणि २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कारणाने प्रकरण मिटवलं.

यात अक्कल कुठे शिकवली? मी विचारलं होतं की चौकशीत काय निघालं ते कोर्टात उघड्यावर यायला काय हरकत होती. हा प्रश्न परवानगी नाकारणाऱ्या टेबलाला होता. तुम्ही तो उचलून बंदूक धरलेल्या पोराच्या खांद्यावर ठेवलात आणि वर मलाच विचारता, जवानाचा अपमान का करतोस?

बरं, "सोपं असतं" म्हणता. किती सोपं ते सांगतो. हे मी इथे कधी लिहिलेलं नाही आणि तुम्ही डिवचलं नसतं तर लिहिलंही नसतं.

माझे वडील १९६३ साली भरती झाले. चीनच्या युद्धानंतरचे दिवस. दापोलीला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून कॅम्प म्हणतात ते उगीच नाही, इंग्रजांच्या काळापासून या तालुक्याने सैन्याला माणसं दिली आहेत. मनीऑर्डरवर चालणारं कोकण म्हणतात, त्यातल्या निम्म्या मनीऑर्डरी गिरणीतून यायच्या, उरलेल्या पलटणीतून. माझं सातवीपर्यंतचं शिक्षण त्या मनीऑर्डरीवर झालं. वडिलांच्या पलटणीचं नाव देणार नाही, ते हयात नाहीत आणि त्यांना ते आवडलं नसतं.

१९६७ साली ते मिझो टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये होते. वय तेवीस, दंडावर लान्स नाईकची एक फीत. आदल्या वर्षी, १९६६ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री, लालडेंगांच्या मिझो नॅशनल फ्रंटने बंड पुकारलं होतं आणि ५ मार्चला आपल्याच विमानांनी आयझॉलवर हल्ला केला होता. त्या बंडाची सुरुवात कुठून होते हे तुमच्या भावालाही कदाचित कुणी सांगितलं नसेल. १९५९ मध्ये तिथला बांबू फुलला. बांबू फुलला की उंदीर माजतात, उंदरांनी शेतं खाल्ली, माणसं उपाशी राहिली, सरकारने म्हणावं तसं लक्ष दिलं नाही. भुकेल्यांना धान्य पोचवणारी जी संघटना उभी राहिली, तीच पुढे राजकीय पक्ष, म्हणजे हा फ्रंट, झाली आणि मग बंदुका. बांबू फुलला की वाईट दिवस येतात, हे आमच्या आजीलाही माहीत होतं. दिल्लीला नव्हतं.

१९६७ च्या सुरुवातीला आसामातल्या सिलचरहून आयझॉल, लुंगलेईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूची गावं उठवून रस्त्याकाठी एकत्र बसवायची मोहीम निघाली. पहिल्या फेरीत अशी १८ केंद्रं झाली. बंडखोरांना गावातून अन्न आणि आसरा मिळू नये, हा हेतू. सैन्याच्या हिशेबाने त्यात तथ्य होतं, तेही मी नाकारत नाही. पण गाव उठवायचं म्हणजे काय करायचं, हे हुकमात एका ओळीत असतं आणि ते करणारा असतो तेवीस वर्षांचा लान्स नाईक.

वडिलांनी हे मला एकदाच सांगितलं, मी कॉलेजात होतो तेव्हा. सकाळी गावाला वेढा. उचलता येईल तेवढं सामान घेऊन निघा. लोक टोपल्या कपाळाला पट्टा लावून पाठीवर घेत होते, एका बाईने टोपलीत कोंबडी घातली, मग काढली, मग तिच्या जागी जातं की उखळ असलं काहीतरी जड घातलं आणि ते उचलेना म्हणून पुन्हा कोंबडी घातली. वडील तिथे उभे राहून बघत होते. मग घरं पेटवायची आणि उरलेलं धान्यही, मागे काही राहता कामा नये. ते म्हणाले, "भाताची कोठी पेटली की धूर नंतर येतो. आधी लाह्यांचा वास येतो."

ज्याने घरची कणगी शेणाने सारवली आहे, एक मूठ भात सांडलं तर आईचा मार खाल्ला आहे, त्या माणसाने ते भात पेटवलं. हुकूम होता, पेटवलं. नागपंचमीला आमची आई लाह्या भाजायला बसली की वडील पडवीतून उठून अंगणाच्या पार टोकाला, विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचे. पाऊस असला तरी. धुराने डोळे चुरचुरतात, असं आई आम्हाला सांगायची.

तर हे माझं "सोपं". वडिलांना मी अक्कल शिकवली नाही, त्यांच्यावर खटला भरा असंही म्हटलं नाही. पण त्यांना तिथे कुणी उभं केलं, हे विचारायचा हक्क मला आहे आणि तो मला तुमच्याकडून घ्यायचा नाही.

कायद्याबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत, मीही थोडक्यात सांगतो. हा कायदा १९५८ चा, पण त्याचं मूळ १९४२ च्या चळवळीविरुद्ध व्हाइसरॉय लिनलिथगोने काढलेल्या वटहुकमात आहे. त्या वटहुकमात जीव जाईपर्यंत बळ वापरण्याचा अधिकार कॅप्टन आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे होता. आपल्या संसदेने तो नाईक-हवालदारापर्यंत खाली आणला. वर सहाव्या कलमात केंद्राच्या परवानगीशिवाय खटला नाही, अशी तरतूद. तुम्हाला यात जवानाचं संरक्षण दिसतं. मला दिसतं की साहेबाने ठरवायचं ते पोरावर ढकललं आणि मग कुणीच कुणाला विचारायचं नाही. केंद्रानेच नेमलेल्या न्या. जीवन रेड्डी समितीने २००५ मध्येच हा कायदा रद्द करा म्हणून सांगितलं होतं. त्रिपुरातून तो २०१५ मध्ये गेला, मेघालयातून २०१८ मध्ये. दोन्ही राज्यं जागच्या जागी आहेत.

मिझोरामचं म्हणाल तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. सैन्याचा वाटा नव्हता असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण ३० जून १९८६ ला करार झाला तो टेबलावर झाला आणि ज्यांना वीस वर्षं देशद्रोही म्हटलं तेच लालडेंगा मुख्यमंत्री झाले, एवढं लक्षात असू द्या. यावर वाद घालायचा असेल तर आधी थोडं वाचून या.

राहता राहिला तो जवान. हो, ओटिंगला त्या रात्री एक पॅरा जवानही मारला गेला आणि माझ्या लेखात ते आलं नाही. यायला हवं होतं. वाक्य घातलं आहे. यावरून मला "निवडक हळवा" म्हणायची गरज नव्हती, पण म्हटलंत, ठीक आहे.

शेवटची गोष्ट. मी इथे गेली अकरा वर्षं स्वतःच्या नावाने लिहितो, गावात मला सगळे ओळखतात, लेख आवडला नाही तर बाजारात अडवून सांगतात. तुम्ही सह्याद्रीच्या आड लपून दुसऱ्याची अक्कल काढता. पुढच्या वेळी नाव लिहा, नाहीतर प्रतिक्रिया उडवीन. आणि तो लेख, हवं तर हे उत्तरही, तुमच्या भावाला पाठवा. त्याने उलट लिहिलं तर मी त्याचा एक शब्द न कापता छापीन. मला शिव्या घातल्या तरी. तुमचं मात्र यापुढे छापायचं की नाही, ते मी बघेन.