आइन्स्टाईनची माशी आणि आपली

२० मे, म्हणजे जागतिक मधमाशी दिन, जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. 'आइन्स्टाईन म्हणाले होते, पृथ्वीवरून मधमाशी नाहीशी झाली तर माणूस चारच वर्षं जगेल. मधमाशी नाही तर परागीभवन नाही, परागीभवन नाही तर अन्न नाही. बाल्कनीत साखरपाणी ठेवा, जमल्यास मधपेटी आणा.' पाठवणारे काका मनाने फार चांगले, म्हणून दरवर्षी मी गपचूप अंगठा देऊन मोकळी होते. यंदा मात्र उत्तर लिहिलंच.

आधी आइन्स्टाईन. ते गेले १९५५ साली. हे वाक्य त्यांच्या नावावर छापलेलं सापडतं ते त्यानंतर, १९६०च्या दशकातल्या मधपाळांच्या मासिकांत, आणि गाजलं ते १९९४ मध्ये, ब्रसेल्समधल्या मधपाळांच्या आंदोलनाच्या पत्रकातून. त्यांच्या लेखनात वा भाषणांत त्याचा मागमूस नाही. आणि सापडला असता तरी माशीबद्दल भौतिकशास्त्रज्ञाचा शब्द प्रमाण का मानायचा, हे मला कळलेलं नाही.

मग ती चार वर्षं. गहू आणि भात आपल्याच परागावर भागवतात, बाजरी आणि मका वाऱ्यावर. हरभरा, भुईमूग यांचंही माशीवाचून अडत नाही. म्हणजे भाकरी राहील, पंचाईत होईल ती कालवणाची. भोपळा, काकडी, कारलं, कलिंगड यांची नर-मादी फुलं वेगळी. पराग कुणीतरी उचलून न्यावाच लागतो. कांद्याचं बी धरणाऱ्याला विचारा, डोंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गेंद, फुललेले असताना शेतात माशी फिरकली नाही तर काय हाती लागतं. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना कीटक-पाखरांची कमी-अधिक मदत होते, पण एकूण उत्पादनात या पिकांचा वाटा साधारण ३५ टक्के. नुकसान मोठंच आहे. ते खरं सांगितलं तरी पुरे, त्याला प्रलय चिकटवायची गरज नाही.

खरा घोळ पुढच्या वाक्यात आहे: मधमाशी नाही तर परागीभवन नाही. जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या २०,०००हून जास्त जाती आहेत. आपल्याकडे मध साठवणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या: आग्या, सातेरी, फुलोरी, डंख नसलेली पोयाची, आणि पेटीतून आलेली परदेशी मेलिफेरा. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात. ना राणी, ना पोळं.

वांग्याचं फूल जवळून बघा. मधल्या पिवळ्या परागकोशांच्या टोकाला बारीक भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी. हलवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाही. पोटावर निळे पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी येते, फुलाला मिठी मारते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते. 'झ्झ' असा बारीक आवाज येतो आणि पराग तिच्या अंगावर झडतो. काळा भुंगाही, तोही याच गोतावळ्यातला, हेच करतो. पेटीतल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. टोमॅटोचंही तसंच, वाऱ्याने हलून फळ धरतं, पण अशी माशी आली की जास्त चांगलं धरतं.

सगळं माशीच करते, तेही दिवसाच, असंही नाही. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्याकडे पतंग येतात. उंबराचं काम चिलटाएवढ्या गांधीलमाशीकडे. आंब्याच्या मोहोरावर तर आपण ज्यांना हाकलतो त्या साध्या माश्याही राबतात. भीमाशंकरच्या जंगलात एक मोठा भुंगा अमावस्येच्या रात्रीही हिंडतो, आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात त्याला रंग ओळखता येतात, हे संशोधकांनी तिथेच तपासून पाहिलं आहे.

साखरपाण्याबद्दल थोडक्यात. सकाळी गॅलरीत ट्यूबलाइटखाली मरगळलेल्या माश्या दिसतात, त्या बहुतेक आग्याच्या असतात. चांदण्या रात्री त्या बाहेर पडतात आणि दिव्याला भुलून त्याच्याभोवती घिरट्या घालून दमतात. त्यांना साखर देण्यापेक्षा दिवा बंद करा.

आणि मधपेटी. पेटी हा शेतीचा जोडधंदा आहे आणि चांगला आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं ते सातेरीच्या जिवावर. पण शहरातल्या बाल्कनीत मेलिफेराची पेटी आणून रानमाश्या वाचवणं म्हणजे चिमण्या वाचवायला कोंबड्या पाळणं. हजारो नवी तोंडं त्याच चार फुलांवर येतात.

एकट्या माश्यांना पेटी नको, जागा हवी. कुणी उघड्या मातीत बीळ करते, कुणी सुकलेल्या काडीत, कुणी भिंतीच्या भोकात. आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी मागचा मातीचा पट्टा पेव्हर ब्लॉकने झाकला आणि उरलेल्या कुंड्यांवर दरमहा फवारणी लावली. गुलाबाच्या पानांना कडेने अर्धगोल कातरलेलं दिसलं की आमचा माळी 'कीड लागली' म्हणून औषध मारतो. ती कीड नव्हे. पानकाप माशी ते तुकडे गुंडाळून नेते आणि त्यांत अंडी घालते. हिच्या बहिणी तुरीच्या फुलांवर दिसतात. गुलाबाचं चार पानांपलीकडे काही बिघडत नाही.

काकांनी विचारलं, मग मी करू काय? त्यांच्याकडे तुळस आहे, आणि ते मंजिऱ्या आल्या की खुडतात. म्हटलं, निम्म्या माश्यांसाठी ठेवा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फोटो टाकला: तिन्हीसांजेला तुळशीच्या सुकल्या काडीला जबड्याने घट्ट धरून ओळीने झोपलेले निळ्या पट्ट्यांचे पाच नर. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'हे मेलेत का?'

सकाळी सातला त्यांचाच दुसरा मेसेज आला. 'उडाले.'